तिसरी घंटा : ५ हजारांचा चेक की ५ जास्तीचे प्रयोग?

गेल्या अंकात मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, की कोरोनात सगळं बंद होतं तेव्हा २०२१ला सरकारने राज्यातल्या सुमारे ५६ हजार कलावंतांना एकदाच प्रत्येकी ५ हजार रुपये द्यायचं ठरवलं, आणि ते चांगलंच होतं, पण त्याला 'कलाक्षेत्र पुन्हा उभं करणं' म्हणू नका. झालं, पत्रांचा आणि व्हॉट्सॲपचा पाऊस. काहींनी धन्यवाद दिले, काहींनी शिव्या, आणि एकाने नुसताच अंगठा पाठवला, तो वर होता की खाली ते माझ्या जुन्या फोनवर नीट दिसलं नाही. त्यातले काही प्रश्न घेतोय. नावं छापत नाही, बऱ्याच जणांनी तसं कळवलंय.

"मी तमाशाच्या फडावर मॅनेजर आहे. कोरोनाची दोन वर्षं बुडाली त्याचं देणं अजून डोक्यावर आहे. सरकार म्हणतं लोककला जगली पाहिजे, पण जगली पाहिजे म्हणजे नक्की करणार काय? तुम्ही नाटकवाले, तुम्हाला काय कळणार आमचं, तरी विचारतो."
– एक मॅनेजर, नारायणगाव

मॅनेजर, शेवटचं वाक्य मान्य. मी पंचवीस वर्षं नाटकाचे प्रयोग लावले, पण आमचं नाटक एका टेम्पोत मावतं, तुमचा फड म्हणजे चालतं गाव असतं, तंबू, ट्रक, जनरेटर, आचारी, वादक, नाचणाऱ्या बायका, वगातले नट, त्यांची लेकरं. एका माणसाला ५ हजार दिले तर त्याचा महिन्याचा किराणा होतो, फड उभा राहत नाही.

वाचकांपैकी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, फडाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि खरी कमाई गुढीपाडव्यानंतर, चैत्र-वैशाखातल्या जत्रांमध्ये, बुद्ध पौर्णिमेपर्यंत. पाडव्याच्या आधी नारायणगावात फडांच्या राहुट्या, म्हणजे बुकिंगचे तंबू, लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, घासाघीस होते, सुपाऱ्या, म्हणजे खेळांचे सौदे, ठरतात. मग पावसाळ्यात सगळं बंद. आणि याच बंद दिवसांत फडमालकाला कलावंतांना उचल (आगाऊ पैसे) द्यावी लागते, नाही दिली तर चांगली नाचणारी, चांगला सोंगाड्या दुसऱ्या फडात. ही उचल बहुतेक वेळा व्याजाने काढलेली असते आणि ती जत्रांच्या सुपाऱ्यांतून फिटते. आता तारखा बघा. २०२०चा पाडवा २५ मार्चला, म्हणजे देशभरच्या लॉकडाऊनचा पहिला दिवस. २०२१चा पाडवा १३ एप्रिलला, आणि १४ तारखेच्या रात्रीपासून राज्यात पुन्हा संचारबंदी. दोन्ही वर्षी बरोब्बर पाडव्याला! उचल देऊन झालेली, व्याज चालू, आणि जत्रा गायब. बाकीच्या कलावंतांचं काम गेलं, तुमचं काम गेलं आणि वर कर्जही राहिलं.

म्हणून माझं मत विचाराल तर फडाला मदत कधी मिळते हे ती किती मिळते यापेक्षा महत्त्वाचं आहे. शेतकऱ्याला पेरणीच्या आधी पीककर्ज मिळतं ना, आणि वेळेवर फेडलं तर ३ लाखांपर्यंत व्याज सरकार भरतं. फडाची पेरणी म्हणजे ती पावसाळ्यातली उचल. तेव्हा जून-जुलैत बँकेतून कमी व्याजाने हंगामी कर्ज, आणि वैशाखात परतफेड, एवढं जरी बसवलं तरी सावकाराकडे जायची वेळ अर्धी कमी होईल. अनुदान मार्च एंडला खात्यावर आलं तर ते व्याजातच जातं. हे मी नाटकवाला असूनही मला कळतं, कारण आमच्याकडेही निर्माते असेच दागिने ठेवून नाटक काढायचे.

आत्ता जे आहे ते पण सांगतो. सांस्कृतिक कार्य विभागाकडून तमाशा, दशावतार, खडीगंमत, शाहिरी अशा मंडळांना भांडवली खर्चासाठी आणि प्रयोगांसाठी अनुदान आहे. पण त्यात तुमचं मंडळ रजिस्टर पाहिजे, हिशोब ऑडिट केलेले पाहिजेत, आणि प्रयोग खरंच झाले याचे कागद पाहिजेत. सुपारी तोंडी ठरवायची आपली जुनी खोड, ती मोडा. यात्रा कमिटीचं पत्र, पोलीस परवानगी, पैसे मिळाल्याची पावती, प्रत्येक गावाची एक फाईल. गाडीत आचाऱ्याच्या पेटीशेजारी ठेवा नाहीतर कुठेही ठेवा, पण ठेवा.

"माझे वडील आयुष्यभर भारूड करत आले, आता ६१ वर्षांचे आहेत. गावातले लोक म्हणतात पेन्शन मिळते, अर्ज कर. पण त्यांच्याकडे एकही सर्टिफिकेट नाही. काय करू?"
– एक मुलगी, बीड जिल्हा

ताई, पेन्शन म्हणू नका, मानधन म्हणा, नाहीतर टेबलापलीकडचा माणूस तिथेच अडवेल. तुम्ही म्हणताय ती राज्याची जुनी वृद्ध साहित्यिक आणि कलावंत मानधन योजना, २०२४ला तिचं नाव राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने केलं आणि आधी अ-ब-क अशा वर्गवारीने वेगवेगळी रक्कम मिळायची ती सगळ्यांना सरसकट महिना ५ हजार केली. वय ५० पूर्ण, दिव्यांग असतील तर ४०, कलेत किमान १५ वर्षं काम, आणि वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत. जिल्ह्यातून वर्षाला १०० जणच घेतात, त्यामुळे यंदा नंबर लागला नाही तर नाराज होऊ नका, पुढच्या वर्षी परत भरा. आणि कलावंत गेल्यावर मानधन जोडीदाराला चालू राहतं, हे बऱ्याच आयांना माहीतच नसतं.

आता पुरावा. मला एकदा एका तालुक्याच्या ठिकाणी एका म्हाताऱ्या गोंधळ्यासोबत जायचा योग आला होता. तिथल्या साहेबांनी विचारलं कलावंत असल्याचा पुरावा काय, तर यांनी संबळ काढलं आणि तिथेच वाजवायला लागले, अख्खं ऑफिस उठून बघायला आलं, कॅन्टीनचा पोरगा चहाचा ट्रे घेऊन उभाच राहिला, आणि पाच मिनिटांनी साहेब म्हणाले, बाबा फार छान, पण कागद? मी तेव्हा चिडलो होतो. आता वाटतं त्या माणसाचीही चूक नव्हती, फाईलला संबळ लावता येत नाही.

तर कागद असे जमवा. सप्ताहाच्या जुन्या पत्रिका, त्यावर वडिलांचं नाव असतंच, गावातल्या कुणीतरी देवघरात जपून ठेवलेल्या असतात. यात्रेचे फोटो, मागे बॅनर दिसणारे असतील तर उत्तम. पेपरातली कात्रणं. आकाशवाणीवर कधी गेले असतील तर त्याचं पत्र. ज्या देवस्थानात दरवर्षी भारूड होतं तिथल्या ट्रस्टचं पत्र, पण त्यात 'अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत' असं स्पष्ट लिहून घ्या, '१५ वर्षं' हा आकडा त्या कागदांतून दिसला पाहिजे. उत्पन्नाचा दाखला तहसीलचाच हवा. अर्ज ऑनलाइन भरायचा, आणि तो एजंटला पैसे देऊन भरायची गरज नाही, तुम्ही मला एवढं लांबलचक टाइप करून पाठवलंत म्हणजे अर्जही भराल.

५ हजारांत घर चालतं का? नाही चालत. पण भारूड करणाऱ्या माणसाला सरकारचा कागद येतो की तू कलावंत आहेस, याचं घरात काय होतं ते मी पाहिलंय.

"मी नाटकाला लाइट्स ऑपरेट करतो. नाटकाला अनुदान मिळालं की पेपरात फोटो येतो निर्मात्याचा आणि नटांचा. आम्हा बॅकस्टेजवाल्यांचं काय? आमच्या हातात प्रयोगामागे मिळणाऱ्या नाइटशिवाय काही नाही."
– एक ऑपरेटर, ठाणे

भावा, खरं बोललास. अनुदान असतं ते नाटकाला, प्रयोगामागे, दर्जा ठरवून, आणि ते जातं निर्मात्याच्या खात्यात. निर्माता चांगला असेल तर तुझी नाइट शंभर-दोनशेने वाढते, नसेल तर नाही. यात कायदा काहीच म्हणत नाही. मी व्यवस्थापक असताना मीही हेच केलंय, उगाच साळसूदपणा आणत नाही, प्रयोग तोट्यात गेला की पहिली कात्री बॅकस्टेजच्या चहापाण्याला.

तरी अप्रत्यक्ष एक मदत तुला रोज मिळते, फक्त ती दिसत नाही. नाटकाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नाही, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. बोर्डावर पहिल्या रांगांना ५०० लिहिलेलं दिसतं ते काही उगाच नाही. आधी ही मर्यादा २५० होती, ती वाढवली म्हणून बरीच नाटकं तग धरून राहिली. माझ्या मते हा एक निर्णय चार सत्कार समारंभांपेक्षा मोठा आहे, पण त्याला शाल-श्रीफळ नसतं त्यामुळे कुणी बोलत नाही. आता महागाई बघता ती मर्यादा परत वाढवायची वेळ आलीय, ती मागणी करायला तुम्ही बॅकस्टेजवाल्यांनीही गेलं पाहिजे, फक्त निर्मात्यांनी नाही.

दुसरं, एक गंमत सांगतो. १९८१ साली आपल्याकडे सिने-कामगार कल्याण निधीचा कायदा झाला, सिनेमावर छोटा उपकर आणि त्यातून कामगारांसाठी दवाखाना, मुलांना स्कॉलरशिप वगैरे. त्याच साली जर्मनीत कलावंतांच्या सामाजिक विम्याचा कायदा झाला आणि १९८३पासून चालू झाला. तिथे फ्रीलान्स कलावंत हप्त्याचा अर्धा भाग स्वतः भरतो, उरलेला अर्धा सरकार आणि जे जे लोक कलावंतांकडून काम करून घेतात त्या कंपन्या, प्रकाशक, थिएटरं मिळून भरतात. म्हणजे मालक एक नसला तरी 'मालकाचा हिस्सा' निघतो. तो अजून चालू आहे. आपला उपकर जीएसटी आला तेव्हा गेला, आणि नाटकवाले तर त्यात आधीपासूनच नव्हते. मला वाटतं प्रत्येक प्रयोगामागे काही रुपये बॅकस्टेजच्या विम्यासाठी बाजूला काढायचे, थोडे निर्मात्याने, थोडे नाट्यगृहाने, थोडे सरकारने, हे करायला फार मोठी अक्कल लागत नाही. तोपर्यंत तू ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नाव नोंदव, वय ५९च्या आत असेल आणि पीएफ कापला जात नसेल तर होतं. उद्या कसली मदत निघाली तर यादीत नाव तरी असेल. २०२१ला सगळ्यात मोठा घोळ काय होता माहितीये? कलावंतांची यादीच नव्हती.

"आम्ही मिरजेत तंबोरे करतो, आजोबांपासून. पीएम विश्वकर्मामध्ये बसतो का? आणि ते जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं म्हणतात त्याने आमच्या धंद्याला काय फायदा?"
– एक तंतुवाद्य कारागीर, मिरज

विश्वकर्मा ही केंद्राची कारागिरांसाठीची योजना, तिच्यात १८ व्यवसाय आहेत, त्यात सुतार आहे, मूर्तिकार आहे, खेळणी करणारा आहे, होडी बांधणारा आहे, पण वाद्य करणारा नाही. ज्या देशात सरस्वतीच्या हातात वीणा आहे तिथे वीणा करणारा यादीत नाही, असो. तुम्ही लाकूडकाम स्वतः करत असाल तर सुतार म्हणून अर्ज करता येतो का ते सीएससी सेंटरवर, म्हणजे गावातल्या सरकारी सेवा केंद्रावर, विचारून बघा, बसलं तर ट्रेनिंगला दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार, आणि ५ टक्क्यांनी आधी १ लाख, ते फेडलं की २ लाखांचं कर्ज असं आहे. पण तुम्हाला खरं भांडवल लागतं ते भोपळ्याला आणि लाकडाला, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे एकदम घेऊन वाळवून ठेवावे लागतात, पैसा तिथे अडकतो. तेव्हा कर्ज घेतलंत तर त्यासाठीच घ्या.

जीआय २०२४ला मिळालं, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला. पण ते मिळतं संस्थेच्या नावावर. तुम्हाला स्वतःच्या तंबोऱ्यावर तो शिक्का लावायचा तर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते, तिची फी पूर्वी ५०० होती, आता १० रुपये आहे. दहा! एवढी स्वस्त गोष्ट सरकारी दारात दुसरी सापडायची नाही. शिकलगार मंडळी तलवारींना धार लावायची सोडून सतारीकडे वळली ती दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी, ती गोष्ट त्या शिक्क्यासोबत छापून गिऱ्हाईकाला द्या. हाताने केलेल्या देशी वाद्यांवर जीएसटी पण नाही, कुणी दुकानदार त्या नावाखाली जास्त मागत असेल तर सांगा त्याला.

"स्पष्ट विचारतो, राग नसावा. रस्त्यात खड्डे आहेत, शाळेला मास्तर नाहीत, आणि आमच्या टॅक्सच्या पैशातून नाच-गाणी आणि नाटकं कशाला? ज्याला बघायचंय तो तिकीट काढेल. नाही चालत तर बंद करा."
– एक वाचक, नाशिक

राग नाही. हा प्रश्न माझ्या मेव्हण्याचाही आहे, दर दिवाळीला.

अर्धं तुमचं बरोबर आहे. मराठी सिनेमाला 'अ' दर्जा मिळाला तर ४० लाख आणि 'ब' मिळाला तर ३० लाख असं अनुदान आहे, आणि त्यातून काही सुंदर सिनेमे उभे राहिले हे खरं, पण काही सिनेमे असेही निघाले की ते अनुदानासाठीच काढले, एका थिएटरला सकाळी नऊचा शो, प्रेक्षकांत निर्मात्याचे नातेवाईक. पैसा आधी, प्रेक्षक नंतर असं झालं की हे होतंच. याच्या उलट १९७५च्या सुमारास राज्याने मराठी सिनेमाला करमणूक कर परत द्यायची योजना आणली होती. तिकीट विकलं तर कर, कर जमला तर परतावा, आणि तो मिळवायला पुढचा सिनेमा काढायचा. म्हणजे लोक आले तरच पैसा. मरगळलेला धंदा त्याने हलला. सरकारने मदत अशी करावी की चुलीवरचं भांडं तापलं पाहिजे, नुसता धूर नको.

पण 'तिकीट काढेल' म्हणता, कुठे काढेल? नाट्यगृह कुणी बांधलं? कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ला उभं केलं, तेव्हा पॅलेस थिएटर म्हणायचे. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळालं, दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. मी फोटो बघितले तेव्हा माझ्या हाताला कापरं भरलं, त्या स्टेजवर मी किती वेळा नेपथ्याची मोजमापं घेतलीत. तर अख्खं शहर रस्त्यावर येऊन रडत होतं, त्यात कधी नाटकाला न जाणारेही होते. पुण्याचं बालगंधर्व १९६८ला महापालिकेनेच बांधलं. खाजगी माणूस नाट्यगृह बांधत नाही, त्याच जागेत मॉल बांधला तर दसपट मिळतात. म्हणजे तुम्ही तिकीट काढता ते मुळातच टॅक्सच्या पैशावर उभं आहे, आणि ते तसंच असलं पाहिजे असं माझं म्हणणं, जसा रस्ता असतो तसा.

आणि एक प्रयोग लागला की कोण कोण जेवतं ते मोजा कधीतरी. बुकिंगवाला, डोअरकीपर, टेम्पोवाला, सेट चढवणारी चार पोरं, इस्त्रीवाला, मेकअपमन, बाहेरचा गजरेवाला, पार्किंगचा पोरगा, रात्री साडेबाराचा रिक्षावाला. आणि मध्यंतरातला बटाटेवडा. काही नाट्यगृहांत लोक नाटकापेक्षा वड्याला येतात हे मी शपथेवर सांगू शकतो. २२ ऑक्टोबर २०२१ला नाट्यगृहं परत उघडली तेव्हा आमच्या कॅन्टीनवाल्याने पहिला घाणा फुकट वाटला होता. तुम्ही म्हणता बंद करा, तर हे सगळे त्या बंदमध्ये येतात.

खड्ड्यांचं मात्र खरं आहे. दौऱ्यावर सेटचे पाय मोडतात.

"डब्लिनमध्ये राहते. इथे कलाकारांना सरकार दर आठवड्याला पैसे देतं, काम दाखवायची अटही नाही. आपल्याकडे असं का नाही?"
– एक वाचक, आयर्लंड

हो, वाचलंय. २०२२ला सुरू झालं, २ हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षं. कोरोनातूनच ती कल्पना आली. मला त्यात दोन गोष्टी आवडल्या. एक, ८ हजारांवर पात्र लोकांतून निवड सरळ लॉटरीने केली, समितीने 'श्रेष्ठ कोण' ठरवलंच नाही, त्यामुळे कुणाच्या काकांचा फोन चालला नाही. दोन, ज्यांना पैसे मिळाले नाहीत अशा १ हजार जणांचीही माहिती घेत राहिले, म्हणजे फरक पडला की नाही ते कळावं. आणि मग २०२५च्या ऑक्टोबरात ती कायम ठेवायचं जाहीर केलं.

आपल्याकडे तसंच्या तसं जमेल असं मला वाटत नाही. आयर्लंडची लोकसंख्या आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमी आहे हो. आपल्याकडे एकेका जिल्ह्यात वाघ्यामुरळी, वासुदेव, भजनी, बँडवाले धरले तर किती होतील. पण मोजून बघायची ती सवय घ्यायला पैसे लागत नाहीत. ५६ हजार लोकांना मदत द्यायचं ठरवलं, ज्यांना ती मिळाली त्यातले किती जण दोन वर्षांनी परत स्टेजवर उभे राहिले? हे कुणीतरी विचारायला हवं होतं.

"मी १९ वर्षांची आहे, सात वर्षं कथ्थक शिकतेय. घरचे म्हणतात आता बास, फी परवडत नाही. सरकारची काही स्कॉलरशिप असते का?"
– एक विद्यार्थिनी, अकोला

असते. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी, १८ ते २५ वयाची मुलंमुली, महिना ५ हजार, दोन वर्षं. गुरूकडे किमान पाच वर्षं शिकलेलं असायला लागतं, तुझी सात झाली म्हणजे तू बसतेस. देशभरातून ४०० जणांना मिळते, त्यात नाच, गाणं, वादन, नाटक, चित्रकला, लोककला सगळं येतं, त्यामुळे स्पर्धा आहे, आणि समितीपुढे प्रत्यक्ष करून दाखवावं लागतं. घरच्यांना सांग की दोन वर्षांची फी यातून निघू शकते, तोवर थांबा म्हणावं. आणि अर्ज निघायची वाट बघत बसू नकोस, गुरूंचं पत्र आत्ताच मागून ठेव. गुरू लोक तोडा लगेच शिकवतात, सहीला महिना लावतात.